लाळग्रंथीचा कॅन्सर: शस्त्रक्रिया पुरे, की नंतर रेडिएशनही?

कानापुढच्या पॅरोटिड ग्रंथीतली गाठ काढली आणि ती कॅन्सरची निघाली. आता रेडिएशन घ्यायचं का, हे ठरतं काढलेल्या गाठीच्या पॅथॉलॉजी रिपोर्टवरून. आधीच्या सुईच्या तपासणीवर विसंबू नका, तिच्यात ग्रेड (पेशी किती आक्रमक दिसतात, त्याची पातळी) चुकू शकते.

लो-ग्रेड म्युकोएपिडरमॉइड (लाळग्रंथीच्या कॅन्सरचा एक प्रकार), आकार ४ सेंटिमीटरच्या आत, गाठ ग्रंथीबाहेर गेलेली नाही, मार्जिन (काढलेल्या भागाची कड) मोकळं, नसांच्या कडेने पसरलेली नाही, मानेतल्या लसिकाग्रंथी स्वच्छ. एवढं सगळं जुळलं तर बहुधा शस्त्रक्रिया पुरते.

हाय-ग्रेड, मार्जिनला पेशी, नसांभोवती शिरकाव, लसिकाग्रंथीत कॅन्सर, यातलं एकही असेल तर रेडिएशनचं पारडं स्पष्ट जड. चेहऱ्याची नस वाचवताना तिच्यालगत सूक्ष्म पेशी उरू शकतात, त्यांच्यासाठीच ते असतं. अ‍ॅडेनॉइड सिस्टिक प्रकार तर नसांच्या वाटेनेच सरकतो, म्हणून गाठ लहान असली तरी रेडिएशन सुचवतात. त्याने त्या जागी पुन्हा उगवण्याचा धोका घटतो. फुप्फुसात होणारा प्रसार मात्र थांबत नाही, आणि तो १० वर्षांनीही दिसू शकतो. रेडिएशनसोबत केमो घेतल्याने जास्तीचा फायदा होतो, असं सिद्ध झालेलं नाही.

तोंड वाकडं होणं, कानाची पाळी बधिर होणं, जेवताना गालावर घाम येणं हे शस्त्रक्रियेचे परिणाम आहेत, रेडिएशन टाळून ते टळत नाहीत.

रेडिएशनची किंमत वेगळी: साधारण ६० ते ६६ ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचं एकक), आठवड्याला ५ दिवस, सहा-साडेसहा आठवडे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटतं, चव जाते. शेक एकाच बाजूला असला तर दुसऱ्या बाजूच्या ग्रंथी वाचतात, त्यामुळे कोरड सहसा पूर्ण नसते. खरी दीर्घकाळची जोखीम दात-जबड्याची. वाचवता न येणारे किडलेले दात सुरुवातीआधी किमान दोन आठवडे काढून घ्या. नंतर काढले तर जखम नीट न भरण्याचा धोका असतो, जबड्याचं हाड मरू शकतं. फ्लोराइड पुढे कायम चालू ठेवायचं.

एक चूक वारंवार होते: चेहरा सरळ होईपर्यंत थांबणं. नस शाबूत असेल तर ताकद परतायला महिने लागतात, आणि रेडिएशन शस्त्रक्रियेनंतर सुमारे ६ आठवड्यांत सुरू व्हायला हवं. तोवर डोळा मिटत नसेल तर दिवसा थेंब, रात्री मलम आणि पट्टी.