दुबईचा कॅमेरा, मुंबईची वॉरंटी आणि तो तीन पिनांचा प्लग

कॅमेऱ्याचं शटर अडकलं, तेही ऐन लग्नसराईत. स्क्रीनवर एरर आणि बटण दाबलं की नुसता टक्क आवाज. फोटो कसे येतात, फोकस किती चपळ, हे तुम्ही भरपूर वाचलं असेल. या परीक्षणात मी फक्त वॉरंटीचं सांगतो.

खरेदी दुबईच्या ‘बर दुबई’ भागातल्या अल फहिदी रस्त्यावरची. तिकडे व्हॅट 5 टक्के, त्यातला 85 टक्के पर्यटकाला परत मिळतो, वर दर पावतीला 4.80 दिरहम कापतात. आपल्याकडे कॅमेऱ्यावर जीएसटी 18 टक्के. आम्ही आणला तेव्हा माणशी 50,000 रुपयांपर्यंत कस्टम माफ होतं. दोघांची माफी एकाच वस्तूवर चालत नाही, म्हणून बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) माझ्या पावतीवर, लेन्स बायकोच्या. हिशेब चोख होता.

पण तो चार्जर! तिकडचा तीन जाड चौकोनी पिनांचा प्लग. रस्त्यावरचा अडॅप्टर लावला की वजनाने सॉकेटमधून लोंबकळतो आणि सकाळी बॅटरी रिकामी. हजारो रुपयांच्या वस्तूने असल्या प्लगपायी रोज डोकं उठवावं? शेवटी मुंबईत बोरा बाजारातल्या एका काकांनी चार्जरची वायर उपटली आणि जुन्या टेपरेकॉर्डरची दोन पिनांची वायर खोचली. चपखल बसली. "दे चाळीस रुपये," म्हणाले. एवढ्या खटाटोपात निखळ आनंद तेवढाच.

आता शटर. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलीने सिरियल नंबर टाकला आणि म्हणाली, "सर, ही बॉडी इंडियाची नाही. पैसे भरून करून देऊ." कार्ड दाखवलं, तर त्यावर दुकानाचा शिक्का, कंपनीच्या तिथल्या वितरकाचा नाही. म्हणजे वॉरंटी दुकानाची! दुकानदाराला फोन केला. तो गोड हिंदीत म्हणतो, "भाईसाब, ले आओ, फ्री में कर देंगे." कुरिअरने पाठवायचं तर बॅटरी काढा आणि दुरुस्तीसाठी बाहेर जातंय, अशी कागदपत्रं आधीच करा. ती असली तर परत येताना ड्युटी दुरुस्तीचा खर्च, दोन्हीकडचं भाडं आणि विमा एवढ्यावरच लागते. नसली तर नवीन माल आणल्यासारखं प्रकरण. इथेच पैसे भरले. त्या बिलावरही 18 टक्के जीएसटी! दुबईत वाचवलेला इथे वसूल झाला.

इथपर्यंत मी एकच तारा देणार होतो. मग पावसाळ्यात लेन्सची मोटर घरघरायला लागली. त्याच काउंटरवर, कपाळाला आठ्या घालूनच गेलो. लेन्ससोबत मात्र वेगळं आंतरराष्ट्रीय कार्ड होतं. मुलीने ते आणि पावती बघितली, काच उजेडात धरून बुरशी तपासली (बुरशी वॉरंटीत धरत नाहीत, आपल्या हवेत हे ध्यानात ठेवा) आणि लेन्स ठेवून घेतली. फुकट दुरुस्त झाली. चहासुद्धा विचारला.

म्हणून तीन तारे. यापुढे बॉडी इथलीच, महाग पडली तरी. लेन्स मात्र तिकडची. दिवाळीला शारजाहून आतेभाऊ येतोय. पैसे देण्याआधी कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो पाठव, असं त्याला बजावलंय. तो म्हणतो, "दादा, तूच ये ना घ्यायला." तिकीट कोण काढणार?