नव्या कव्हरातले जुने सेल

१८६५० नंबरच्या लिथियम सेलवर ९८०० एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) छापलेलं दिसलं की सरळ पुढे चालू लागा. १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब नळकांड्यात तेवढं मावतच नाही; नावाजलेल्या कंपन्यांचे सेलसुद्धा ३५०० च्या आसपास थांबतात. पण हे चोर निदान ओळखू तरी येतात. मला गंडवणाऱ्याने कव्हरावर ३४०० छापलेलं होतं.

सेल हवे होते काकांच्या डोक्याला बांधायच्या टॉर्चसाठी. आमच्याकडे शेतीची लाइट बऱ्याचदा रात्रीची असते. उसाला पाणी द्यायला अंधारात सरीत उतरावं लागतं, आणि तिथे उजेड मधेच गेला तर पायाखाली काय आहे ते दिसत नाही. तालुक्याच्या पेठेतल्या दुकानदाराने चकचकीत निळे सेल काढून दिले. "एकदम नवा माल, दोन रात्री आरामात निघतील." वजन बरोबर होतं, पंचेचाळीस ग्रॅमच्या घरात. काही बोगस सेलमध्ये आत छोटासा सेल आणि वर भरताड असते, ते हाताला हलके लागतात. हे तसे नव्हते.

काकांची टॉर्च अर्ध्या वावरातच मंदावली. चार्जिंगला लावलेला सेल हाताला चांगलाच गरम लागत होता. ४.२ व्होल्टपर्यंत भरून नुसता फळीवर ठेवला, तर सकाळी मीटरवर ३.८. मग ब्लेडने कव्हर अलगद उभं चिरलं. तळाच्या पत्र्यावर जोडीजोडीने बारीक खड्डे, स्पॉट वेल्डिंगचे, म्हणजे बॅटरी बनवताना सेल एकमेकांना जोडायला पट्टी डागतात त्याचे. एका खड्ड्यात निकेलच्या पट्टीचा तुकडा अजून चिकटलेला. वरून कानस मारलेली. लॅपटॉपच्या मेलेल्या बॅटरीतून उपटलेले सेल होते ते.

जुने सेल वापरण्यात वाईट काहीच नाही, मीही वापरतो. सहा सेलच्या बॅटरीत पुष्कळदा एखादीच जोडी गेलेली असते, बाकीचे चालतात. पण ते पारखून घ्यावे लागतात. २ व्होल्टच्या खाली बराच काळ पडून राहिलेला सेल परत चार्ज करायचाच नाही. आत तांबं विरघळतं, चार्ज करताना ते नको तिथे जमा होतं आणि आतल्या आत शॉर्ट होतो. असा सेल पेटू शकतो. हे काहीही न तपासता नवं कव्हर चढवून विकणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात आग ठेवून येणं आहे, आणि त्याचा मला अजूनही संताप येतो.

परत द्यायला गेलो तर उत्तर मिळालं, "कव्हर फाडलंत, आता कसा घेऊ?" म्हणून तपासणी दुकानातच करा. सेलचा तळ कव्हराबाहेर उघडा असतो. तो उजेडात तिरका धरा, खड्डे किंवा घासल्याच्या रेघा दिसतात का बघा. मीटर सोबत न्या. नवे सेल साधारण साडेतीन व्होल्टच्या जवळपास आणि सगळे सारखे दाखवतात, एक ३.९ आणि दुसरा २.४ दाखवत असेल तर तो लॉट जुनाच. पावतीवर 'नवीन सेल' असं लिहून घ्या, म्हणजे १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करताना हातात काहीतरी असतं.

आणि खराब निघालेले सेल घंटागाडीत टाकू नका, कचरा दाबताना ते चिरडून पेटतात. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.