केटोकोनाझोल २ टक्के शाम्पू: कोंड्यावर खरा, डोक्याच्या नायट्यावर तोकडा

केटोकोनाझोल या बुरशीनाशक औषधाचा हा शाम्पू नापास करणाऱ्या पुष्कळांनी तो लावल्या लावल्या धुऊन टाकलेला असतो. औषध टाळूवर ३ ते ५ मिनिटं राहायला हवं. केस ओले करा, बोटांच्या पेरांनी फेस थेट टाळूवर चोळा, घड्याळाकडे बघत थांबा आणि मग धुवा. आठवड्यातून २ वेळा, असं २ ते ४ आठवडे. खवले थांबल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा पुरतो. पूर्ण सोडला तर कोंडा परततो, कारण मलासेझिया ही बुरशी टाळूची कायमची भाडेकरू. औषधाने ती फक्त कमी होते. केस राठ होतात ही तक्रार खरी आहे, तेव्हा टोकांना कंडिशनर लावावा.

रात्रभर खोबरेल चोपडून सकाळी हा शाम्पू लावणं म्हणजे एका हाताने वाढायचं आणि दुसऱ्याने ताट ओढायचं. ही बुरशी तेलातल्या मेदाम्लांवरच जगते. प्रयोगशाळेत ती वाढवायला ऑलिव्ह तेल घालतात.

झाडपाल्यात टी ट्री तेलाची बाजू त्यातल्या त्यात भक्कम. ५ टक्क्यांच्या शाम्पूची ऑस्ट्रेलियात चाचणी झाली, निष्कर्ष २००२ साली छापून आले: ४ आठवड्यांत कोंडा ४१ टक्क्यांनी घटला, नुसत्या शाम्पूने ११. निव्वळ तेल मात्र टाळूवर ओतू नका, पुरळ उठते. कडुनिंबाचा अर्क परीक्षानळीत बुरशीला रोखतो, डोक्यावरचा पुरावा तुटपुंजा आहे. लिंबू खाजवून सोललेल्या टाळूवर झोंबतं, वर ऊन लागलं तर त्वचा भाजून डाग पडतात.

मुलाच्या डोक्यावर खवल्यांचा गोल चट्टा, तुटके केस, काळे ठिपके दिसले तर तो नायटा. चाईत टाळू गुळगुळीत असते, खवले नसतात. नायट्यात बुरशी केसाच्या आत शिरते, तिथे ना शाम्पू पोचतो ना काढा. तुटका केस आणि खवले खरवडून केओएच तपासणी (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधणं) करून घ्यावी. त्यानंतर डॉक्टर वजनानुसार गोळ्या देतात: ग्रिसिओफल्विन साधारण ६ ते ८ आठवडे, तेही दूध-तुपाच्या जेवणासोबत, नाहीतर नीट शोषलं जात नाही; किंवा टर्बिनाफिन, बहुधा ४ आठवडे. शाम्पू इथे फक्त जोडीला, घरातल्या इतरांना लागण कमी व्हावी म्हणून. कंगवा, टोपी, टॉवेल वेगळे. पू धरलेली मऊ सूज गळू समजून चिरायला जाऊ नका, बहुतेक वेळा तीही नायट्याचीच असते. आणि दुकानदाराने पुढे केलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम नकोच: खाज दोन दिवसांत शमते, बुरशी आतल्या आत पसरत राहते.