वजन जास्त असेल तर साधं पीएसए, फ्री पीएसए की पीएचआय?

वजन जास्त आहे, पीएसए (प्रोस्टेट या पुरुषांच्या ग्रंथीत बनणारं प्रथिन, तिच्या कॅन्सरचा संशय घ्यायला रक्तात मोजतात) 3.4 आलं, रिपोर्टवर 4 च्या आत म्हणून नॉर्मल छापलंय आणि माणूस निर्धास्त होतो, मला काळजी वाटते ती याचीच. लठ्ठ माणसाच्या अंगात प्लाझ्मा, म्हणजे रक्ताचा पातळ भाग, जास्त असतो त्यामुळे प्रोस्टेटने तेवढंच पीएसए सोडलं तरी दर मिलिलीटरमागे आकडा कमी दिसतो. त्यात टेस्टोस्टेरॉनही बऱ्याचदा कमी असतं आणि पीएसए बनायला तेच लागतं. आणि लठ्ठपणात प्रोस्टेटचा आक्रमक कॅन्सर जास्त दिसतो, म्हणजे उशीर जिथे महागात पडतो तिथेच आकडा दिलासा देतोय.

तरी सुरुवात साध्या पीएसएनेच करा, स्वस्त आहे, कुठेही होते. फक्त एका आकड्यावर थांबू नका, स्वतःचे जुने रिपोर्ट शेजारी ठेवून चढ बघा, वजन फार बदललं नसेल तर पातळ होण्याचा परिणाम सगळ्या रिपोर्टमध्ये सारखाच असतो ना.

फ्री पीएसए म्हणजे रक्तातल्या एकूण पीएसएपैकी दुसऱ्या प्रथिनांना न चिकटलेलं, मोकळं किती टक्के. 10 च्या खाली असेल तर संशय जास्त, 25 च्या वर असेल तर कमी. दोन्ही भाग सारखेच पातळ होतात म्हणून टक्केवारी टिकते, वजनदार माणसासाठी हा मोठा फायदा. पण प्रोस्टेट नुसतंच वाढलेलं असेल तर टक्का वर जातो आणि खोटा धीर मिळू शकतो, शिवाय सॅम्पल लवकर प्रोसेस व्हावं लागतं.

पीएचआय म्हणजे प्रोस्टेट हेल्थ इंडेक्स, पीएसएचे वेगवेगळे प्रकार मोजून सूत्राने काढलेला एक आकडा. त्याच्या टेस्टला अमेरिकेत 2012 साली 4 ते 10 पीएसएसाठी मंजुरी मिळाली, बायोप्सी करायची की नाही ठरवायला चांगली आहे. मात्र तिच्या सूत्रात एकूण पीएसएचं वर्गमूळ आहे, म्हणजे वजनाचा परिणाम थोडा उरतोच.

पीएसए डेन्सिटीवर एकट्यावर मी तरी विसंबणार नाही. पीएसए भागिले प्रोस्टेटचा आकार, 0.15 च्या वर संशय, पण लठ्ठ लोकांत वरचा आकडा म्हणजे पीएसए कमी आणि प्रोस्टेट बऱ्याचदा मोठं, म्हणजे दोन्हीकडून उत्तर खालीच ओढलं जातं.

माझं मत, वजन जास्त असेल आणि पीएसए 4 च्या जवळ पोचलं असेल किंवा चढत असेल तर युरॉलॉजिस्टला फ्री पीएसए आणि एमआरआयबद्दल स्वतःहून विचारा. आणि फिनास्टेराइड (वाढलेल्या प्रोस्टेटसाठी किंवा केसगळतीसाठी देतात ते औषध) चालू असेल तर ते आधी सांगा, सहा-बारा महिन्यांत ते पीएसए जवळपास निम्मं करतं, मग 3.4 चा अर्थ 7 च्या आसपास होतो.