ऑटोरन्स : संगणकासोबत गुपचूप सुरू होणाऱ्या प्रोग्रामची झडती घेणारे साधन

संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही आपले काम चालू राहावे, यासाठी स्पायवेअरला (आपल्यावर गुपचूप पाळत ठेवणाऱ्या प्रोग्रामला) विंडोजमध्ये कुठेतरी स्वतःची नोंद करून ठेवावी लागते; मग ती रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) असो, शेड्यूल्ड टास्कमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामात) असो वा सर्व्हिसमध्ये (पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्राममध्ये). मायक्रोसॉफ्टच्या ‘सिसइंटर्नल्स’ या साधनसंचातले ‘ऑटोरन्स’ हे मोफत साधन अशा बहुतेक सगळ्या जागा धुंडाळून तिथल्या नोंदी एकाच यादीत मांडते. ते इन्स्टॉल करावे लागत नाही. मात्र ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने, म्हणजे पूर्ण अधिकारांनिशी, उघडावे.

पहिल्यांदा ती लांबलचक यादी पाहून कोणीही गांगरेल. म्हणून आधी पर्यायांमधून मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवाव्यात आणि डिजिटल सह्यांची, म्हणजे फाइल खरोखर कोणाची आहे हे सांगणाऱ्या खुणांची, पडताळणी सुरू करावी. एका नातेवाइकांच्या लॅपटॉपवर एवढे केल्यावर ‘अपडेट’ अशा साळसूद नावाची एक शेड्यूल्ड टास्क गुलाबी ओळीत दिसली. प्रकाशकाचा रकाना रिकामा होता आणि फाइल ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये नसून ‘ॲपडेटा’च्या एका उपफोल्डरमध्ये दडलेली होती. गुलाबी रंग म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असे नव्हे, कारण कित्येक प्रामाणिक छोट्या प्रोग्रामवरही सही नसते. परंतु सही नाही, प्रकाशक नाही आणि जागाही आडवळणाची, असे तिन्ही जुळून आले की संशय घ्यायलाच हवा. अशा वेळी व्हायरसटोटल या अनेक अँटिव्हायरसांचे निकाल एकत्र दाखवणाऱ्या संकेतस्थळाची तपासणी सुरू करावी. फाइलचा हॅश (तिच्या मजकुरावरून काढलेला ओळखक्रमांक) तिकडे जातो आणि किती अँटिव्हायरसांनी ती फाइल घातक ठरवली आहे, तो आकडा शेजारच्या रकान्यात येतो. नोंद लगेच डिलीट न करता आधी तिच्यापुढची खूण काढावी, म्हणजे अंदाज चुकला तरी ती परत चालू करता येते.

हे साधन निवाडा देत नाही, सफाईही करत नाही. त्यामुळे विंडोजमधले डिफेंडर हे अँटिव्हायरस बंद करून याच्यावर विसंबणे हा शुद्ध वेडेपणा ठरेल. क्रोमची एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम) यात दिसत नाहीत, ती ब्राउझरमध्येच तपासावी लागतात. रूटकिटसारखी स्वतःला लपवणारी प्रकरणेही यादीतून निसटू शकतात. ऑटोरन्सच्या कर्त्यांपैकी एक असलेल्या मार्क रसिनोविच यांनी २००५ साली सोनी बीएमजीच्या संगीत सीडींमधले रूटकिट उघडकीस आणले, तेही ‘रूटकिटरिव्हीलर’ या वेगळ्या साधनाने.

मदतीची पाने मराठीत नाहीत, ही मराठी वापरकर्त्यांसाठी खरी अडचण आहे. तरीही मला सर्वांत उपयोगी वाटलेली सोय अगदी सोपी आहे: लॅपटॉप नवा असतानाच यादी सेव्ह करून ठेवावी आणि पुढे शंका आली की ‘कम्पेअर’ वापरून तिच्याशी ताडून पाहावी, मधल्या काळात आलेल्या नव्या नोंदी वेगळ्या रंगात समोर येतात.