टेरोडॅक्टिल की क्राफ्टी?
बेळगावच्या टिळकवाडीतल्या घरी जुन्या संगणकावर माइनक्राफ्टचा सर्व्हर चालवून खानापूर-निपाणीच्या मित्रांना खेळायला घ्यायचे असेल, तर टेरोडॅक्टिल आणि क्राफ्टी ही दोन मुक्तस्रोत पॅनेले, म्हणजे ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळण्याची साधने, विचारात घ्यावीत. टेरोडॅक्टिल प्रत्येक सर्व्हर स्वतंत्र डॉकर कंटेनरमध्ये (इतरांपासून अलग केलेल्या कप्प्यात) ठेवते, त्यामुळे एका खेळाने नेमून दिलेली मेमरी ओलांडली तरी शेजारचा खेळ सहसा अबाधित राहतो. मात्र त्यासाठी वेब पॅनेल, डेटाबेस आणि प्रत्यक्ष सर्व्हर चालवणारी विंग्ज ही सेवा असा सगळा संसार मांडावा लागतो. पायथनमध्ये लिहिलेले क्राफ्टी प्रामुख्याने माइनक्राफ्टसाठी असून विंडोजवरही चालते. पावसाळ्यात आमच्याकडे वीज न सांगता जाते. तेव्हा वेळापत्रकानुसार घेतलेला बॅकअपच कामी येतो, आणि ती सोय दोन्हींत आहे. एकच खेळ असेल तर मी क्राफ्टीच निवडीन; राउटरवरचे २५५६५ पोर्ट (मित्रांची जोडणी आत येण्याची वाट) मात्र दोन्हींसाठी आपले आपणच उघडावे लागते.