नारिंगी रताळं: पोषणाला पैकीच्या पैकी, गोडीला मात्र अटी

नारिंगी गराच्या रताळ्याबद्दल दोन तक्रारी हमखास ऐकू येतात: रंग सुरेख पण गोडी नाही, आणि शिजलं की लगदा होतो. लगद्याचं खरं आहे. या जातींच्या गरात पांढऱ्यापेक्षा पाणी जास्त आणि स्टार्च कमी असतो, त्यामुळे काप अख्खे राहायला हवे असतील किंवा तळायचं असेल तर पांढरंच घ्यावं. गोडीचा दोष मात्र बहुतेक वेळा रताळ्याचा नसतो. काढल्यावर ते कसं ठेवलं आणि किती घाईने शिजवलं, तिथे ती हरवते.

आधी पोषण, कारण तिथे याला तोड नाही. 100 ग्रॅम कच्च्या रताळ्यात साधारण 86 कॅलरी, 20 ग्रॅम कर्बोदकं, 3 ग्रॅम तंतू आणि 337 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. पण खरी कमाई बीटा-कॅरोटिनची, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं. प्रौढांची रोजची गरज 700 ते 900 मायक्रोग्रॅमची. सालीसकट भाजलेल्या 100 ग्रॅम रताळ्यात ती भागते. पांढऱ्या गरात हे जवळजवळ नसतंच. आफ्रिकेत अ जीवनसत्त्वाच्या अभावावर उपाय म्हणून नारिंगी जाती शेतापर्यंत पोचवण्यात आल्या, आणि त्या कामासाठी मारिया आंद्रादे, रॉबर्ट म्वांगा आणि जॅन लो या संशोधकांना 2016 मध्ये वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. कॅरोटिन स्निग्ध पदार्थात विरघळतं, म्हणून सोबत चमचाभर तेल हवंच. नुसतं उकडून कोरडं खाल्लं तर बराचसा फायदा हातचा जातो.

‘मधुमेहींना चालतं’ असं सरसकट सांगणं मात्र चूक आहे. उकडलेलं रताळं रक्तातली साखर तुलनेने हळू वाढवतं, तेच भट्टीत भाजलेलं बरंच वेगाने. रताळ्यात ऑक्झलेट असतं, म्हणून त्याचे मूतखडे होत असतील तर प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं.

आता गोडी. रताळ्यात बीटा-अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. गर साधारण 60 ते 75 अंश सेल्सिअसच्या टप्प्यात असताना ते स्टार्च तोडून माल्टोज साखर बनवतं. त्याहून फार तापलं की निकामी होतं. मायक्रोवेव्ह आणि प्रेशर कुकर हा टप्पा झटक्यात ओलांडतात, म्हणून रताळं मऊ होतं पण सपक लागतं. अख्खं रताळं सालीसकट गार पाण्यात टाकून मंद आचेवर 35 ते 40 मिनिटं उकडावं. भाजायचं असेल तर थंड ओव्हनमध्येच ठेवून 190 अंशांवर लावावं. मध्यम आकाराला तासभर लागतो. सालीतून चिकट पाक पाझरला की झालं.

खरेदी करताना 200 ते 300 ग्रॅमचं, दोन्ही टोकांना टणक असलेलं निवडा. सालीवर टाचणीएवढी भोकं दिसली तर ते सोंड्या भुंग्याचं काम. अळीने पोखरलेल्या रताळ्यात कडू, विषारी द्रव्यं तयार होतात आणि ती भोकाच्या पलीकडेही पसरतात. किडका भाग कापून उरलेलं वापरण्यात अर्थ नाही. शिजवूनही कडवटपणा जात नाही. असं रताळं जनावरांनाही घालू नये. आणि फ्रिज टाळाच: 10 अंशांखाली राहिलेल्या रताळ्याचा गाभा कितीही शिजवला तरी कडकच राहतो.

जांभळ्या गराचं रताळं कोरडं, पिठूळ आणि कमी गोड. त्यातलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य खाण्याच्या सोड्याने हिरवट पडतं, लिंबाने गुलाबी होतं. बेकिंगसाठी घेणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात ठेवावं.

आणलेल्यातलंच एखादं लावताही येतं, पण कोंब येऊ नयेत म्हणून त्यावर प्रक्रिया झालेली नसावी. ओलसर वाळूत अर्धं गाडून 25 ते 30 अंशांत ठेवा. काही आठवड्यांत आलेले कोंब 20 ते 25 सेंटीमीटर झाले की काढून, दोन-तीन पेरं मातीत जातील असे वरंब्यावर 30 सेंटीमीटर अंतराने लावा. दोन वरंब्यांत 60 ते 75 सेंटीमीटर. कुंडी किमान 40 लिटरची घ्या आणि तीत एक-दोनच कोंब लावा. सगळ्यात जास्त फसगत नत्राने (नायट्रोजनने) होते: शेणखत-युरिया भरपूर पडला की वेल बहरतो आणि खाली बोटाएवढी मुळं निघतात. रताळी पोसायला पालाश (पोटॅश) लागतो. मूठभर लाकडाची राख तेवढ्यापुरती चालते, पण माती आम्लधर्मी असेल तरच. वरंब्याला भेगा पडू देऊ नका, भुंगा तिथूनच आत उतरतो. कोरडं पडल्यावर एकदम भरपूर पाणी दिलं तर रताळी उभी फाटतात.

जातीप्रमाणे 100 ते 130 दिवसांनी काढणी. साल या वेळी इतकी नाजूक असते की नखानेही निघते, म्हणून धुऊ नका, माती हाताने झाडा. मग 5 ते 7 दिवस 30 अंशांच्या आसपास, दमट पण हवा खेळेल अशा जागी, एकमेकांना न टेकवता ठेवा. वर ओलसर कापड ताणून घ्या, ते रताळ्यांना लागू देऊ नका. जखमा भरतात, साल घट्ट होते. त्यानंतर 13 ते 15 अंशांत ठेवलेली रताळी काही महिने टिकतात आणि पहिले काही आठवडे त्यांची गोडी वाढतच जाते. काढल्या दिवशीच उकडून ‘सपक जात’ असा शेरा मारणाऱ्यांनी त्याच ढिगातलं एक रताळं तीन आठवड्यांनी उकडून बघावं.